घोडदळातला कप्तान, सरहद्दीवरचा उपदेशक : डॉ. व्हान डर केम्प

मिशनरी म्हटलं की आपल्यासमोर ठरावीक चित्र उभं राहतं. लांब झगा, हातात बायबल, मागे शाळा नाहीतर दवाखाना. श्रीरामपूरचा विल्यम केरी आपल्याला माहीत असतो, कारण त्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. बेळगावच्या वाचकांना बाबा पदमनजी माहीत असतात, कारण ते इथलेच. १८३१ चा जन्म आणि शिक्षण इथल्या लंडन मिशनच्या शाळेत. ही लंडन मिशनरी सोसायटी बेळगावात आली १८२० मध्ये. त्याच्या वीसेक वर्षं आधी तिने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला एक माणूस पाठवला होता. तो ना तरुण होता, ना इंग्रज, ना साधाभोळा. वय ५१, जात्या डच, आधी घोडदळातला अधिकारी आणि नंतर डॉक्टर. योहानेस थिओडोरस व्हान डर केम्प.

दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या जुन्या इतिहासात हा माणूस जवळजवळ खलनायक आहे. दुसऱ्या बाजूच्या लोकांना तो आपला वाटतो. मी त्याच्याविषयी लिहायला बसलो तो धर्मप्रसारासाठी नाही. कोणाच्या शेजारी कोणी बसायचं, या एका प्रश्नापायी या माणसाने आयुष्यभर काय काय घालवलं, ते मला सांगायचंय.

जन्म ७ मे १७४७, रॉटरडॅम. वडील प्रॉटेस्टंट चर्चचे पाळक, घरात विद्या आणि शिस्त. थोरला भाऊ डिडेरिकस पुढे लायडनच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. धाकट्यालाही लायडनला घातलं, वैद्यक शिकायला. पोरगा हुशार होता, भाषा त्याच्या जिभेवर चटकन बसायच्या. पण अभ्यास अर्ध्यात टाकून गडी ड्रॅगून घोडदळात भरती झाला. तेव्हा तो जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा असेल. पुढची सोळा वर्षं फौजेत गेली. बढत्या मिळाल्या, कप्तानकीपर्यंत पोचला. ऑरेंजचा राजपुत्र, म्हणजे डच प्रजासत्ताकाचा मुख्य सत्ताधारी पाचवा विल्यम, त्याला जातीने ओळखायचा.

या वर्षांबद्दल त्याने स्वतः पुढे लपवाछपवी केलेली नाही. देव-धर्म गुंडाळून ठेवला होता. दारू, बायका, मौजमजा सगळं चालू. एका संबंधातून मुलगी झाली, योहाना. एक गोष्ट मात्र इथेच नोंदवायला हवी: ही मुलगी त्याने टाकून दिली नाही, स्वतः वाढवली. त्या काळातल्या किती अधिकाऱ्यांनी असं केलं असतं?

मग १७७८ मध्ये तो प्रेमात पडला. मुलगी कोण, तर क्रिस्टिना फ्रँक, लोकर कातून पोट भरणारी. सूत कातणाऱ्या बाईशी घोडदळातल्या अधिकाऱ्याने मौज केली तर कोणाची हरकत नव्हती, ते चालायचंच. पण हा तिच्याशी लग्न करायला निघाला. वर्षभर एकत्र राहून मे १७७९ मध्ये त्याने खरंच लग्न केलं. राजपुत्राला ते खपलं नाही. हुद्द्याला शोभेसं वागणं नव्हे, असं बोलणं झालं. या गड्याने वाद घालत बसण्यापेक्षा १७८० मध्ये फौज सोडली. सोळा वर्षांची नोकरी, मानमरातब, ओळखीपाळखी, सगळं एका कातकरणीसाठी.

मला व्हान डर केम्पच्या चरित्रात हा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चरित्रकार त्याला सहसा तारुण्यातल्या उनाडपणाच्या प्रकरणात टाकून पुढे जातात, आणि खरी कथा धर्मांतरापासून सुरू करतात. पण देवावर विश्वास नव्हता तेव्हाही, आपल्याहून खालच्या समजल्या गेलेल्या माणसाला उघडपणे शेजारी बसवायचं, आणि किंमत पडली तर मोजायची, ही त्याची खोड होतीच. पुढे तीच खोड त्याला आफ्रिकेत भोवली.

फौज सुटल्यावर तो एडिंबराला गेला आणि अर्धवट सोडलेलं वैद्यक पुरं केलं. १७८२ मध्ये डॉक्टर झाला. विश्वाच्या रचनेवर लॅटिनमध्ये एक ग्रंथही लिहिला. परत येऊन मिडलबर्ग आणि मग डॉर्ड्रेक्टजवळ प्रॅक्टिस केली. चांगली चालली. बायको, मुलगी, घर, पुस्तकं. नास्तिक म्हणावा असा नाही, पण ख्रिस्ताला देव मानायची त्याची तयारी नव्हती. हिशेबी बुद्धीचा, सुखवस्तू मध्यमवयीन डॉक्टर.

२७ जून १७९१. नदीवर होडीतून फिरायला गेले तिघंही. अचानक वादळ उठलं, पाण्यावरून वावटळ आली आणि होडी उलटली. बायको आणि मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत बुडाल्या. तो उलट्या होडीला धरून वाहत राहिला. शेवटी एका जहाजावरच्या खलाशांनी त्याला ओढून काढलं.

पुढच्याच रविवारी तो चर्चमध्ये प्रभुभोजनाला बसला, आणि तिथे त्याच्या मनाने कलाटणी घेतली असं तो सांगतो. त्याबद्दल मी अधिक लिहिणार नाही. दुःखात माणसं देवाकडे वळतात, तशीच देवापासून दूरही जातात; कोण कुठे वळेल याचा नियम नाही. आतापर्यंत मी एकेरीत लिहीत आलो. इथून पुढे मात्र लेखणी आपोआप अहो-जाहो करते.

दोन-तीन वर्षं ते एका लष्करी इस्पितळाचे प्रमुख होते. फ्रान्सशी युद्ध चालू होतं. मग इंग्लंडातल्या नव्या मिशनची बातमी त्यांच्या कानावर आली. लंडन मिशनरी सोसायटी १७९५ मध्ये स्थापन झाली होती आणि तिला माणसं हवी होती. १७९७ मध्ये व्हान डर केम्प यांनी स्वतःला देऊ केलं. जाण्याआधी हॉलंडात तशीच एक सोसायटी उभी करून दिली, ती रॉटरडॅमची. लंडनला दीक्षा घेतली आणि डिसेंबर १७९८ मध्ये जहाज पकडलं.

जहाजाचं नाव हिल्सबरो. ऑस्ट्रेलियाला कैदी नेणारं. सुमारे ३०० कैदी साखळ्यांत जखडून तळघरात कोंबलेले, आणि त्यांच्यात तापाची साथ. सिडनीला पोचेपर्यंत नव्वदहून जास्त माणसं मेली. मिशनरी प्रवाशांना वरच्या डेकवर राहता येत होतं. पण व्हान डर केम्प खाली उतरायचे, त्या घाणीत, त्या अंधारात. डॉक्टर म्हणूनही आणि उपदेशक म्हणूनही. ३१ मार्च १७९९ ला ते केपला उतरले तेव्हा खरं तर त्यांचं निम्मं शिक्षण जहाजावरच झालं होतं.

आता केपविषयी दोन शब्द. वेंगुर्ल्याला डच वखारीचे पडके अवशेष आपण पाहिलेत. ती वखार ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची, त्याच कंपनीने हिंदुस्थानच्या वाटेवरचा थांबा म्हणून १६५२ मध्ये केपला वस्ती केली. तिथे गुलाम आणले ते मादागास्करहून, पूर्वेच्या बेटांवरून आणि आपल्या मलबार, कोरोमंडल, बंगालच्या किनाऱ्यांवरूनही. गोरे शेतकरी, म्हणजे बोअर, हळूहळू आत सरकत गेले. त्या जमिनीचे मूळ गुराखी म्हणजे खोईखोई लोक. गोऱ्यांनी त्यांना 'हॉटेंटॉट' हे कुचेष्टेचं नाव दिलं. त्यांची गुरं गेली, पाणवठे गेले आणि शेवटी तेच लोक बोअरांच्या शेतावर सालदार झाले. गुलाम विकत घ्यावा लागे, खोईखोईला तेवढंही नाही. पूर्वेला ग्रेट फिश नदीपलीकडे खोसा लोकांची राज्यं होती. ती नदी म्हणजे सरहद्द. पण सरहद्द कागदावर, गुरं आणि माणसं दोन्हीकडे जात-येत. १७९५ मध्ये इंग्रजांनी डचांकडून केप घेतला होता, आणि १७९९ मध्ये सरहद्दीवर लढाई भडकली होती. खोईखोई चाकर मालकांच्या बंदुका आणि घोडे घेऊन पळाले आणि खोसांना मिळाले. बोअर घाबरून गाड्या जुंपून पळत होते.

सगळे ज्या दिशेने पळत होते त्याच्या उलट दिशेला हा ५२ वर्षांचा डॉक्टर निघाला. बैलगाडीतून. बरोबर एडमंड्स नावाचा एक तरुण इंग्रज मिशनरी.

नदीपलीकडे खोसांचा तरुण राजा न्गीका होता, वीस-एकवीस वर्षांचा. (या नावातला पहिला उच्चार जिभेचा टाळूवर चटका मारून करायचा असतो. देवनागरीत तो बसत नाही.) राजाला हे लोक हेर वाटले, आणि तसं वाटणं साहजिक होतं. मध्यस्थ म्हणून कामी आला तो कोनराड द बुईस, वसाहतीच्या सरकारने फरारी ठरवलेला धिप्पाड बोअर. हा माणूस राजाच्या आईबरोबर संसार करून राहत होता. गोऱ्यांच्या दृष्टीने बाटगा, खोसांच्या दृष्टीने पाहुणा. उपदेशकाला दुभाषा मिळाला तो असा! व्हान डर केम्प यांनी त्याच्या चालीरीतींची चौकशी करत न बसता त्याची मदत घेतली. एडमंड्सला ते जगणं झेपलं नाही. तो परत फिरला आणि पुढे चक्क आपल्या बंगालकडे निघून गेला. म्हातारा एकटा राहिला.

राहणं कसं, तर झोपडी गवताची, ती स्वतः बांधलेली. डोक्यावर टोपी नाही, पुढे पायात बूटही नाहीत. खोसा भाषेचे शब्द लिहून काढायचे, व्याकरणाची चौकट बसवायची. केरी बंगालमध्ये जे करत होते तेच काम, पण पंडित हाताशी नाहीत, छापखाना नाही, आणि शाई संपली तर जवळ दुकान नाही. ही शब्दांची यादी पुढे सोसायटीने छापली. खोसा भाषेच्या अभ्यासाची सुरुवात करणाऱ्या कागदांत तिची गणना होते.

पावसाची गोष्ट इथलीच. दुष्काळ पडला, राजाच्या पाऊसकर्त्यांचे उपाय थकले, आणि राजाने या पाहुण्याला पाऊस पाडायला सांगितलं. त्यांनी सांगून पाहिलं की पाऊस पाडणं माझ्या हातात नाही, मी फक्त प्रार्थना करू शकतो. प्रार्थना केली, आणि पाऊस धो-धो आला. राजाने गुरं देऊ केली ती त्यांनी नाकारली. मिशनच्या वृत्तांतांत ही गोष्ट मोठ्या आनंदाने छापली गेली. मला त्यात विजयापेक्षा पंचाईत जास्त दिसते. ज्याला तुम्ही जादू म्हणता ते मी करत नाही असं समजावायला आलेला माणूस, गावाच्या लेखी पहिल्या नंबरचा पाऊसकर्ता ठरला. आपल्याकडे एखाद्या बुवाच्या अंगाऱ्याने ताप उतरला की पुढे त्या गावात डॉक्टरचं काय होतं, ते आठवा. फरक इतकाच, की इथे बुवा आणि डॉक्टर एकच.

साधारण सव्वा वर्षात खोसांपैकी जवळजवळ कोणीच ख्रिस्ती झालं नाही. ऐकायला यायच्या त्या मुख्यतः त्या वस्तीत राहणाऱ्या खोईखोई बायका. बोअरांच्या तावडीतून पळून आलेल्या, कोणी कोणाची बायको, कोणी कोणाची मोलकरीण. त्यांना व्हान डर केम्प अक्षरं शिकवायचे. १८०० सरता सरता राजाचा संशय वाढला, आसपास फरारी बोअरांची कारस्थानं चालली होती, आणि त्यांना तिथून निघावं लागलं. पण काम कोणात करायचं हे त्या बायकांमुळे ठरून गेलं होतं.

१८०१ मध्ये ते ग्राफ-रायनेटला आले. सरहद्दीवरचं गाव, एक कचेरी, एक चर्च. लढाईमुळे शेकडो खोईखोई तिथे आसऱ्याला आलेले. मदतीला आता जेम्स रीड होता, धंद्याने सुतार असलेला तरुण इंग्रज. पाळक नव्हता म्हणून चर्च रिकामं पडलेलं, तर या दोघांनी तिथे खोईखोई लोकांना बसवून प्रार्थना आणि शिकवणी सुरू केली.

झालं. आजूबाजूचे बोअर हत्यारं घेऊन गावावर चालून आले. त्यांच्या तक्रारी बऱ्याच होत्या. कचेरीचा अधिकारी मेनियर चाकरांची बाजू घेतो, इंग्रज आमचं ऐकत नाहीत. पण मागण्यांमध्ये एक मागणी अशी होती की वाचताना मी थांबलो. खोईखोईंना चर्चबाहेर काढा. ते बसले ती बाकं धुऊन काढा. पायाखालची फरसबंदी उखडा. आणि व्यासपीठावर सुतकाचं काळं कापड घाला.

बाकं धुवायची! आपल्याला हे वाचून महाड आठवल्याशिवाय राहत नाही. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी प्यायल्यावर ते तळं पंचगव्याच्या घागरी ओतून 'शुद्ध' केलं गेलं. दोन खंड, दोन धर्म, मध्ये सव्वाशे वर्षांचं अंतर. पण हात तोच, बादलीही तीच. आणि ख्रिस्ती वाचकांनी हे दुसऱ्यांचं म्हणून वाचू नये. गोव्यातल्या कॉन्फ्रारियांमध्ये कोणत्या जातीने कोणता झगा घालायचा आणि फेस्ताचा मान कोणाचा, यावरून किती पिढ्या भांडल्या, हे इथे सांगायला नको.

त्या वेळी व्हान डर केम्प यांनी काय केलं? त्यांनी चर्चचा हट्ट सोडला. दगडामातीच्या इमारतीवरून रक्त सांडू नये म्हणून आपली माणसं घेऊन ते बाहेर पडले आणि दुसरीकडे शिकवू लागले. काहींना हा पळपुटेपणा वाटेल. मला तो जुन्या कप्तानाचा हिशेब वाटतो: कुठलं ठाणं सोडायचं आणि कुठलं नाही. कारण खोईखोई लोकांना जेव्हा बोअरांच्या हवाली करण्याचा प्रश्न आला, तेव्हा ते तसूभरही हलले नाहीत.

मग स्वतंत्र वस्ती काढायचं ठरलं. १८०२ मध्ये अल्गोआ उपसागराजवळच्या एका सोडलेल्या शेतावर शेकडो माणसांनिशी ते गेले. तिथे लूटमार करणाऱ्या टोळ्यांचे हल्ले झाले, त्यातले हल्लेखोरही पुष्कळदा खोईखोईच. वर संधिवाताने त्यांना महिनोन् महिने अंथरुणाला खिळवलं. पडल्या पडल्या उपदेश चालू. १८०३ मध्ये केप पुन्हा डचांकडे आला, नवा गव्हर्नर यान्सेन्स पाहणीला आला आणि त्याने एक जागा नेमून दिली. तिला नाव मिळालं बेथेल्सडॉर्प. बायबलमधलं बेथेल म्हणजे देवाचं घर, आणि डॉर्प म्हणजे डच भाषेत गाव.

नाव देवाच्या घराचं, जमीन मात्र देवाने विसरलेली. झाड नाही, पाणी अपुरं, काटेरी झुडपं आणि खडक. चांगली जमीन बोअरांनी केव्हाच धरली होती. लोकांनी वेताच्या झोपड्या घातल्या. जवळच्या खाजणातलं मीठ, कोरफडीचा चीक, लाकूड विकून पोट भरायचं. शेकडो माणसं तिथे आली, कारण सगळ्या मुलखात ती एकच जागा होती जिथे खोईखोई माणूस कोणाचा चाकर न होता राहू शकत होता.

त्याच सुमारास हिन्रिख लिख्टेनस्टाइन नावाचा जर्मन डॉक्टर डच अधिकाऱ्यांबरोबर त्या भागात फिरत होता. त्याने व्हान डर केम्प यांचं जे वर्णन लिहून ठेवलंय ते विसरता येत नाही. भर उन्हात चार हडकुळ्या बैलांची गाडी वाळूतून संथ येते आहे, आडव्या टाकलेल्या फळीवर म्हातारा बसलाय, टक्कल उघडं, विरलेला काळा कोट, आत सदरा नाही, पायात मोजे नाहीत, खोईखोई घालतात तशा चामड्याच्या वहाणा वादीने बांधलेल्या. कधीकाळी राजपुत्राच्या परिचयातला हा घोडदळ अधिकारी! लिख्टेनस्टाइनला बेथेल्सडॉर्प अजिबात आवडलं नाही. घाण, आळस, आणि कामाऐवजी नुसती भजनं, असा त्याचा शेरा. त्या शेऱ्यात तथ्य नव्हतंच असं मी म्हणणार नाही. व्हान डर केम्प यांना टापटीप, कपडे, शिस्त यांचं प्रेम नव्हतं, आणि वस्ती चालवण्यात ते काही कुशल नव्हते. पण त्या आळसाच्या तक्रारीमागे एक साधी गोष्ट होती. बेथेल्सडॉर्पमध्ये बसलेला प्रत्येक माणूस म्हणजे शेजारच्या बोअराच्या शेतावर कमी झालेला एक मजूर. आपल्याच झोपडीपुढे बसलेला गरीब माणूस जमीनदाराला नेहमी आळशीच दिसतो.

शाळा चालू होती. खोईखोई भाषेत त्यांनी धर्माची प्रश्नोत्तरी तयार केली. स्वतःचे पैसे घालून त्यांनी अनेक गुलामांची सुटका विकत घेतली. आणि १८०६ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी लग्न केलं ते अशाच एका सोडवलेल्या मुलीशी. मूळ मादागास्करची, सारा. तिच्या घरच्यांनाही त्यांनी सोडवलं होतं. वयात चाळीसहून अधिक वर्षांचं अंतर. रीडने आधीच एका खोईखोई बाईशी लग्न केलेलं होतं.

गोऱ्या केपमध्ये बोंब झाली ती रंगावरून आणि तिच्या गुलामीवरून. गुलाम बाई ठेवणारे त्यात शेकड्याने होते, लग्न करणारा हा एकच निघाला, म्हणून राग. हे सगळं क्रिस्टिनाच्या वेळचंच. फौजेतली नोकरी जाऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती, पण माणूस बदलला नव्हता. तरीही हे प्रकरण मला पहिल्या लग्नाइतकं स्वच्छ वाटत नाही. क्रिस्टिना स्वतः कमावणारी बाई होती, हो-नाही म्हणू शकत होती. इथे मुलगी जेमतेम वयात आलेली, आणि ज्याने तिला विकत घेऊन सोडवलं तोच नवरा. ऋणाखाली दबलेली मुलगी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? तिच्या बाजूचं काही त्या पत्रव्यवहारात नाही. तो सगळा पुरुषांचा. त्या काळाच्या चालीवर बोट ठेवून मोकळं होता येईल, पण जो माणूस त्याच काळाच्या इतक्या चालींना आडवा गेला, त्याला ती सवलत द्यायला माझं मन घेत नाही. त्यांना चार मुलं झाली.

राज्यं बदलत होती. १८०५ मध्ये यान्सेन्सने त्यांना आणि रीडला केपटाउनला बोलावून अडकवून ठेवलं होतं, कारण बोअरांच्या तक्रारींचा ढीग साचला होता. १८०६ च्या जानेवारीत इंग्रजांनी केप पुन्हा जिंकला आणि या दोघांना परत जायला मिळालं. पण इंग्रजांच्या राज्यात वेगळं काही घडलं नाही. उइटेनहाखचा नवा कारभारी काइलर बेथेल्सडॉर्पमधून मजूर मागू लागला. १८०९ मध्ये नियम झाला की खोईखोई माणसाने कायम ठिकाणा दाखवावा, फिरायचं तर पास घ्यावा, नोकरीचा करार लेखी करावा. करारामुळे थोडं संरक्षण मिळालं खरं, पण पासामुळे माणूस मालकाच्या खुंट्याला बांधला गेला. व्हान डर केम्प यांनी लोकांना जबरीने कामावर पाठवायला नकार दिला.

आणि ते लिहीत राहिले. शेतांवर चाललेली मारहाण, अडकवून ठेवलेली मुलं, बुडवलेली मजुरी, खून. कोण, कुठे, कोणी. बेथेल्सडॉर्पला पळून येणारा माणूस हकिगत सांगायचा, आणि हे दोघं ती टिपून घ्यायचे. सरहद्दीवर उपदेशक पुष्कळ होऊन गेले, पण त्यातल्या किती जणांनी असं दप्तर ठेवलं? रीडची पत्रं लंडनला छापली गेली आणि तिथल्या सरकारला जाब विचारणं भाग पडलं. १८११ मध्ये चौकशीसाठी दोघांनाही केपटाउनला बोलावण्यात आलं.

म्हातारा बायको-मुलांसह गाडीने तेवढा पल्ला कापून गेला. डोक्यात वेगळाच बेत होता: इथलं काम रीडवर सोपवून मादागास्करला जायचं, साराच्या मूळ देशात. वय ६४. तो बेत राहून गेला. १५ डिसेंबर १८११ ला ते केपटाउनला वारले.

पुढच्या वर्षी फिरतं न्यायालय सरहद्दीच्या जिल्ह्यांत गेलं. बोअरांनी त्याला 'काळं फिरतं न्यायालय' असं नाव ठेवलं आणि ते नाव इतिहासात राहिलं. बहुतेक आरोप टिकले नाहीत. पुरावे जुने, साक्षीदार पांगलेले, न्यायाधीश त्याच समाजातले. खुनासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. मारहाणीची आणि मजुरी बुडवल्याची काही प्रकरणं शाबीत झाली. मिशनरींनी खोट्यानाट्या कंड्या पिकवल्या, असं बोअर पुढे शंभर वर्षं म्हणत राहिले. पण कितीतरी गोऱ्या मालकांना, त्यात नावाजलेल्या घराण्यांचेही, आपल्याच मोलकरणीच्या आणि गुराख्याच्या तक्रारीवरून उभं राहावं लागलं, आणि न्यायाधीशाने त्या मोलकरणीला प्रश्न विचारून तिचं उत्तर कागदावर उतरवून घेतलं. पासाचा तो नियम रद्द व्हायला १८२८ उजाडलं.

रीड बेथेल्सडॉर्पला परत गेला. व्हान डर केम्प यांच्यामागे तो चाळीस वर्षं जगला, आणि त्याच्याही विरुद्धच्या तक्रारी कधी थांबल्या नाहीत.